डिझेल की हायब्रीड? आधी आपला रस्ता ओळखा

घर घेतल्यानंतर मध्यमवर्गीय कुटुंब जी सर्वांत मोठी खरेदी करते, ती गाडीची. पंधरा-वीस लाख रुपये, पाच ते सात वर्षांचे हप्ते आणि पुढील आठ-दहा वर्षांचा इंधनखर्च या एका निर्णयात गुंतलेला असतो. तरीही हा निर्णय बहुतेक वेळा शोरूममधील अर्ध्या तासात, सनरूफ व मोठा पडदा पाहून आणि शेजाऱ्याने कोणती गाडी घेतली यावरून होतो. दसरा, पाडवा यांसारखा मुहूर्त जवळ आला की घाई आणखी वाढते. मग वर्षभराने पेट्रोलपंपावर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये प्रश्न पडू लागतात. ते प्रश्न खरे तर गाडी घेण्यापूर्वीच विचारायला हवे होते.

मध्यम आकाराच्या एसयूव्हींमध्ये सध्या ग्राहकांची सर्वाधिक ओढाताण होते, ती दोन प्रकारच्या गाड्यांमध्ये. एका बाजूला ह्युंदाई क्रेटाची डिझेल आवृत्ती आणि दुसऱ्या बाजूला मारुती सुझुकी ग्रँड विटाराची स्ट्राँग हायब्रीड आवृत्ती. दोन्ही पाच आसनी आणि दोन्ही एकाच वर्गातल्या. क्रेटा भारतात प्रथम जुलै २०१५ मध्ये आली आणि जानेवारी २०२४ मध्ये तिला नवे रूप मिळाले. ग्रँड विटारा सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आली. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनविणे थांबविले असल्याने त्या कंपनीने कमी इंधनखर्चासाठी हायब्रीडचा मार्ग धरला. ह्युंदाईने मात्र क्रेटात डिझेल कायम ठेवले. त्यामुळे ही तुलना दोन नावांइतकीच दोन तंत्रांचीही आहे. 'यांतली चांगली कोणती?' या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. 'आपण वर्षाला किती आणि कोणत्या रस्त्यावर फिरतो?' या प्रश्नाला मात्र आहे, आणि त्यातूनच निवड ठरते.

ताकद सारखी, स्वभाव वेगळा

कागदावर पाहिले तर दोन्ही गाड्यांची शक्ती ११६ पीएस, म्हणजे अगदी सारखी दिसते. ही शक्ती येते मात्र वेगवेगळ्या ठिकाणांहून. क्रेटाचे दीड लिटरचे डिझेल इंजिन २५० न्यूटन मीटर इतका टॉर्क देते आणि तोही १५०० फेऱ्यांपासून, म्हणजे इंजिन फारसे न रेटता. गाडी पूर्ण भरलेली असताना चढावर जो जोर लागतो, तो हाच. सोबत सहा गिअरचा मॅन्युअल किंवा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळतो.

ग्रँड विटाराच्या हायब्रीडमध्ये टोयोटाचे तंत्र आहे. दीड लिटरचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन ९२ पीएस शक्ती देते आणि त्याच्या जोडीला ८० पीएसची विद्युत मोटार असते. दोन्ही एकाच क्षणी पूर्ण ताकदीने चालत नसल्याने एकत्रित शक्ती ११६ पीएस भरते. या गाडीला वेगळा चार्जर लावावा लागत नाही. ब्रेक लावताना किंवा उतारावर जी ऊर्जा एरवी उष्णता होऊन वाया जाते, ती मोटार उलट फिरून विजेच्या रूपाने बॅटरीत साठविते. सिग्नलवरून निघताना, सोसायटीच्या आवारात किंवा मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या कोंडीत इंजिन बंद राहून गाडी याच विजेवर चालते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. हायब्रीड म्हणजे अर्धी विद्युत मोटार नव्हे. ग्रँड विटाराची बॅटरी केवळ ०.७६ किलोवॅट-तासाची आहे. तुलनेसाठी, जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या क्रेटा इलेक्ट्रिकच्या लहान बॅटरीची क्षमता ४२ किलोवॅट-तास आहे. म्हणजे हायब्रीडची बॅटरी मोठी शिदोरी बाळगत नाही. ती थोडे थोडे साठविते आणि लगेच खर्च करते. ब्रेक, थांबा, पुन्हा चालू हा खेळ जितका जास्त, तितका तिचा उपयोग जास्त. एकसारख्या वेगाने जाणाऱ्या महामार्गावर साठविण्यासारखे फारसे काही उरत नाही आणि भार मुख्यतः पेट्रोल इंजिनवर येतो.

'स्मार्ट हायब्रीड' असे लिहिलेली ग्रँड विटारा ही वेगळी गाडी आहे, हेही लक्षात ठेवावे. तिच्यातील लहान मोटार इंजिनाला हातभार लावते, पण गाडी केवळ विजेवर चालवीत नाही. कोटेशन घेताना नेमका प्रकार तपासावा.

माहितीपत्रकातील ॲव्हरेज आणि रस्त्यावरचे ॲव्हरेज

अधिकृत आकड्यांप्रमाणे क्रेटा डिझेल मॅन्युअल लिटरला २१.८ किलोमीटर, ऑटोमॅटिक १९.१ किलोमीटर आणि ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रीड २७.९७ किलोमीटर धावते. हे आकडे खोटे नसतात, परंतु ते प्रयोगशाळेतील असतात. गाडी रोलरवर ठेवून ठरावीक क्रमाने चालविली जाते आणि तिचा कमाल वेग ताशी ९० किलोमीटरपर्यंतच जातो. त्यात खड्डे, घाट, भर उन्हातला एसी आणि मागे बसलेली तीन माणसे नसतात. एका गाडीची दुसरीशी समान अटींवर तुलना करण्यासाठी हे आकडे उपयोगी आहेत. घरखर्चाच्या वहीत लिहिण्यासाठी नाहीत. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले आहे. इथेनॉलच्या एका लिटरमधील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीच्या हिशेबात थोडी घटही धरावी लागते.

आता एक नमुना हिशेब मांडू. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये धरू. शहरात डिझेल ऑटोमॅटिकचे ॲव्हरेज १३ आणि हायब्रीडचे २२ धरू. महामार्गावर अनुक्रमे १९ आणि २१ धरू. हे आकडे केवळ गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या शहरातील भाव आणि ओळखीच्या गाडीमालकांचा अनुभव त्यांच्या जागी घालावा.

शहरात डिझेलचा खर्च किलोमीटरला सुमारे ६ रुपये ९० पैसे आणि हायब्रीडचा ४ रुपये ७५ पैसे येतो. वर्षाला दहा हजार किलोमीटर शहरातच होत असतील, तर हायब्रीडमुळे सुमारे २२ हजार रुपये वाचतात. तेच दहा हजार किलोमीटर महामार्गावर झाले, तर डिझेलचा खर्च किलोमीटरला ४ रुपये ७५ पैसे आणि हायब्रीडचा ४ रुपये ९५ पैसे पडतो. म्हणजे डिझेल वर्षाला दोन हजार रुपयांनी स्वस्त ठरते. गाड्या त्याच, किलोमीटर तेवढेच. रस्ता बदलला आणि पारडे फिरले.

ठाणे ते अंधेरी किंवा कोथरूड ते हिंजवडी असा रोजचा प्रवास करणाऱ्याला हायब्रीड का मानवते, हे यावरून कळते. उलट कामानिमित्त दर आठवड्याला नाशिकहून मुंबईला किंवा नागपूरहून समृद्धी महामार्गाने लांबचा प्रवास करणाऱ्याला डिझेलची बाजू जवळची वाटेल. ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. वेग जसा वाढतो, तसा हवेचा अडथळा त्याहून झपाट्याने वाढतो. ताशी १२० च्या वेगात कोणत्याही गाडीचे ॲव्हरेज घसरते आणि हायब्रीडचा शहरातील फायदा तेथे दिसत नाही.

साध्या पेट्रोलला विसरू नये

दोघांच्या भांडणात तिसरा पर्याय अनेकदा दृष्टीआड होतो. या दोन्ही गाड्या साध्या दीड लिटर पेट्रोल इंजिनातही मिळतात आणि त्यांची किंमत बरीच कमी असते. स्ट्राँग हायब्रीडसाठी अडीच लाख रुपये अधिक मोजावे लागत आहेत, असे धरू. शहरात साध्या पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज ११ धरल्यास हायब्रीडमुळे किलोमीटरला सुमारे ४ रुपये ७० पैसे वाचतात. म्हणजे अडीच लाख रुपये वसूल होण्यासाठी सुमारे ५३ हजार किलोमीटर गाडी चालवावी लागेल. ही रक्कम नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या कर्जातून उभी केली, तर व्याजाचे आणखी सुमारे ६१ हजार रुपये जातात आणि वसुलीचा टप्पा ६६ हजार किलोमीटरवर सरकतो.

वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरणाऱ्याला हा टप्पा साडेचार वर्षांत गाठता येईल. आठवडाभर लोकलने किंवा मेट्रोने जाणारे आणि शनिवार-रविवारीच गाडी काढणारे कुटुंब वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरत असेल, तर त्याला अकरा वर्षे लागतील. तोवर बहुधा गाडीच बदललेली असेल. अशा कुटुंबाने पेट्रोल गाडी घेऊन उरलेली रक्कम बँकेत ठेवणे अधिक शहाणपणाचे.

डिझेलचाही हिशेब असाच तपासावा. साधी पेट्रोल गाडी महामार्गावर १६ चे ॲव्हरेज देते असे धरले, तर डिझेलमुळे किलोमीटरला पावणेदोन रुपयांच्या आसपास बचत होते. ऑन-रोड किमतीतील फरक दोन लाखांचा असेल, तर तो भरून निघायला एक लाखाहून अधिक किलोमीटर लागतात. वर्षाला वीस हजार किलोमीटर महामार्गावर घालविणाऱ्यालाही सहा वर्षांच्या आसपास थांबावे लागेल. 'डिझेल म्हणजे स्वस्त' ही धारणा पेट्रोल व डिझेल यांच्या भावांत मोठे अंतर होते त्या काळातली आहे. आज डिझेल घ्यायचे ते मुख्यतः त्याच्या ओढीसाठी आणि मोठ्या धावेसाठी.

कराचा आणि कायद्याचा भाग

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची नवी रचना लागू झाली. तिच्यात चार मीटरपेक्षा लांब गाड्यांवर ४० टक्के कर आहे. क्रेटा ४,३३० मिलिमीटर आणि ग्रँड विटारा ४,३४५ मिलिमीटर लांब असल्याने दोन्ही याच गटात येतात. तेव्हा या करात हायब्रीडला वेगळी सवलत मिळेल, असे समजू नये.

फरक पडतो तो राज्याच्या मोटार वाहन करात. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला एकरकमी १२ टक्के, तर त्याच किमतीच्या डिझेल गाडीला १४ टक्के कर पडतो. अठरा लाखांच्या गाडीवर हा फरक ढोबळ मानाने ३६ हजार रुपयांचा होतो. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रीडचा नोंदणी कर माफ केला. त्या बातम्या वाचून महाराष्ट्रातही तसेच असेल, अशी समजूत करून घेऊ नये. गाडी कंपनीच्या नावावर घेतल्यास राज्यात कराचा दर याहून बराच अधिक असतो.

डिझेलच्या भवितव्याचा विचारही आवश्यक आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी घालणारा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. पुढे २०२५ मध्ये त्या न्यायालयाने कारवाईला काही प्रमाणात लगाम घातला. महाराष्ट्रात अशी दहा वर्षांची अट नाही. तथापि, मुंबई महानगरातील पेट्रोल व डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का, हे अभ्यासण्यासाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये समिती नेमली. अशा चर्चेचा परिणाम जुन्या डिझेल गाडीच्या पुनर्विक्री किमतीवर होऊ शकतो. गाडी दहा-बारा वर्षे वापरण्याचा विचार असलेल्याने हा धोका हिशेबात धरावा.

शहरातले डिझेल आणि त्याची गाळणी

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी गाळणी असते. तिला डीपीएफ म्हणतात. गाळणीत साचलेली काजळी उच्च तापमानात जाळून टाकण्याची व्यवस्था गाडीत असते, पण त्यासाठी काही काळ सलग आणि बऱ्या वेगाने गाडी चालावी लागते. रोज मुलांना शाळेत सोडणे, बाजार आणि परत घर, अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ही प्रक्रिया पूर्ण होत नाही. मग गाळणी भरत जाते आणि समोरच्या फलकावर इशाऱ्याचा दिवा लागतो. दिवा लागताच गाडी महामार्गावर वीसेक मिनिटे सलग चालवावी. याकडे दुर्लक्ष केल्यास दुरुस्तीचा खर्च मोठा असतो. ज्यांचा वापर केवळ अशा छोट्या फेऱ्यांपुरता आहे, त्यांनी डिझेलपासून दूर राहणेच बरे.

हायब्रीडबाबत धास्ती असते ती बॅटरीची. ग्रँड विटाराच्या हायब्रीड बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर हमी आहे. टोयोटाने पहिली प्रियस जपानमध्ये १९९७ मध्ये आणली, म्हणजे हे तंत्र नवखे नाही. मात्र गाडी वापरलेली घेत असाल, तर हमीची किती वर्षे उरली आहेत आणि सर्व्हिसिंगची नोंद पूर्ण आहे का, हे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

डिकी, घाट आणि सुरक्षितता

गणपतीत कोकणात जाणाऱ्या कुटुंबासाठी डिकीचा प्रश्न ॲव्हरेजइतकाच महत्त्वाचा ठरतो. क्रेटाची डिकी ४३३ लिटरची आहे. साध्या ग्रँड विटाराची ३७३ लिटरची, तर स्ट्राँग हायब्रीडची केवळ २६५ लिटरची, कारण बॅटरीने तेथील जागा घेतली आहे. पाच जणांच्या चार दिवसांच्या बॅगा, परतीच्या वाटेवर फणस आणि पोहे-तांदळाची पिशवी हे सारे २६५ लिटरमध्ये बसणे कठीण. हायब्रीड आवडली असेल, तर घरातल्या नेहमीच्या बॅगा घेऊनच शोरूमला जावे आणि त्या प्रत्यक्ष ठेवून पाहाव्यात.

घाटात दोन्ही गाड्यांचे वागणे वेगळे आहे. पाच माणसे व सामान घेऊन आंबोली किंवा वरंधा घाट चढताना डिझेल फारशी तक्रार करीत नाही. हायब्रीडमध्ये दीर्घ चढावर छोटी बॅटरी लवकर रिकामी होते, इंजिन वरच्या फेऱ्यांत जाते आणि त्याचा आवाज आत ऐकू येतो. गाडी चढते, पण शहरातील शांतता तेथे राहत नाही. उतारावर मोटार वेग आवरण्यास मदत करते आणि बॅटरी भरते. लांब उतारावर गिअरच्या दांड्यावरील 'बी' या स्थितीचा उपयोग करावा, म्हणजे ब्रेकवरचा ताण कमी होतो.

सुरक्षिततेच्या ताऱ्यांबाबत एक सावधगिरी हवी. तारे पाहताना चाचणीचे वर्ष, चाचणी झालेली आवृत्ती आणि त्या वेळचे निकष या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. क्रेटाच्या आधीच्या रूपाला एप्रिल २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तीन तारे मिळाले होते. ती आवृत्ती दोन एअरबॅगची होती. २०२४ च्या क्रेटात सहा एअरबॅग सर्व प्रकारांत आल्या आणि ग्रँड विटारातही २०२५ पासून त्या सर्व प्रकारांत आहेत. ग्लोबल एनकॅपचे निकष २०२२ च्या मध्यापासून कडक झाले आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही देशी चाचणी सुरू झाली. त्यामुळे जुने तारे नव्या ताऱ्यांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. ज्या महिन्यात गाडी घ्यायची, त्या महिन्यात भारत एनकॅपच्या यादीत तिची नोंद आहे का, ते पाहावे. मागच्या आसनाच्या मध्यभागी तीन टोकांचा पट्टा आणि लहान मुलांच्या आसनासाठी आयसोफिक्सची कडी आहे ना, याचीही खात्री करावी. सनरूफपेक्षा या गोष्टी अधिक उपयोगाच्या आहेत.

सही करण्यापूर्वी

दोन्ही गाड्यांची चाचणी एकाच दिवशी, एकाच मार्गावर घ्यावी. एसी सुरू असावा आणि घरातील सर्वजण सोबत असावेत. आजी-आजोबांना मागच्या दारातून चढता-उतरता येते का, सोसायटीच्या तळघरातील वळणावर गाडी फिरते का, हे तेव्हाच कळते. वाटेत एखादा चढ आणि एखादी कोंडी मुद्दाम निवडावी. कोटेशन ऑन-रोड किमतीचे, प्रत्येक बाब वेगळी दाखविणारे मागावे. नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, परंतु विमा विक्रेत्याकडूनच घेण्याची सक्ती नाही. अन्य ठिकाणचा दर पाहिल्यास काही हजार रुपये वाचू शकतात.

सरतेशेवटी हिशेब तीन ओळींत मांडता येतो. रोजचा प्रवास शहरातील कोंडीतून होत असेल, वर्षाची धाव बारा-पंधरा हजारांच्या वर असेल आणि सामान बेताचे असेल, तर स्ट्राँग हायब्रीड घ्यावी. महामार्ग, घाट आणि भरलेली गाडी हा नित्याचा क्रम असेल, वर्षाला वीस हजार किलोमीटर होत असतील, तर डिझेल घ्यावी. यांपैकी काहीच नसेल, तर साधी पेट्रोल गाडी पुरेशी आहे. सध्याच्या गाडीची किंवा दुचाकीची, टॅक्सीच्या भाड्यांची वर्षभराची गोळाबेरीज करून आपली खरी धाव किती, ते आधी कागदावर लिहावे. तो आकडा हाती घेऊन शोरूमची पायरी चढणाऱ्या ग्राहकाला कोणती गाडी घ्यावी, हे विक्रेत्याला विचारावे लागत नाही.